वाघमोडेबाईंचे तीस फूट

मला दहावीला गणितात छत्तीस मार्क होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला वर्गमूळ विचारायला यायचं नाही. मी मराठी शिकवते, सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या मुलींच्या एका शाळेत. आणि टीचर्सरूममध्ये एकवीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर जी बाई बसत होती, ती भूमिती शिकवायची. कलावती वाघमोडे. करमाळ्याकडची.

बुटकी, काळीसावळी, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, हातात पुरुषी घड्याळ. बाकीच्या बायकांच्या पर्समध्ये कंगवा नि टिकलीचं पाकीट असतं. हिच्या पर्समध्ये भाजलेल्या शेंगांची पुडी आणि पाच मीटरचा लोखंडी टेप. तोही गवंड्याकडे असतो तसला, खटकन आत जाणारा. शिपाई दत्तूमामा म्हणायचे, बाईंच्या पर्सची चोरी झाली तर चोराच्या पायाला लागेल.

हा टेप शोभेचा नव्हता. शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने टीचर्सरूमचं टेबल मोजलं. एका कडेवर साठ सेंटीमीटरला खडूची खूण, दुसऱ्या कडेवर ऐंशीला खूण, आणि मग दोन खुणांमधलं अंतर. ते यायला हवं होतं एक मीटर. आलं एकशे तीन.

"ह्यो कोपरा काटकोनात न्हाय," ती म्हणाली.

"मग?" मी म्हणाले. "डबा ठेवता येतो की त्यावर."

"डबा कशावर बी ठेवता येतो, जोशीबाई. पर टेबल चुकलंय ते चुकलंयच की."

मला काय राग आला होता म्हणून सांगू! नवीन आलेली बाई, आणि आमच्या टेबलाला नावं ठेवते. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ही आमच्या घरी आली. नवा फ्लॅट, नवी फरशी, आम्ही दोघं हरखून गेलेलो. हिने वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि हॉलच्या कोपऱ्यात बघून म्हणाली, "भिंत पळालीय." फरशीची शेवटची ओळ एका टोकाला पंज्याएवढी रुंद आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटं उरली होती. तोवर आम्हाला ती दिसलीही नव्हती. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये दुसरं काही दिसतच नाही. आमच्या ह्यांनी पुढच्या वर्षी स्पष्ट सांगितलं, त्या बाईला बोलवायचं असेल तर कोपऱ्यात सोफा सरकवून ठेव.

तिचे वडील गवंडीकाम करायचे. शाळा दुसरीपर्यंत. पाया आखताना ते हिला दोरीचं टोक धरून उभं करायचे. इकडे तीन हात, तिकडे चार हात, आणि तिरकं पाच भरलं की म्हणायचे, बसला बघ काटकोन. "पायथागोरसचं नाव मला लई उशिरा कळलं," ती सांगायची. "नववीत गुरुजींनी प्रमेय सांगितलं, तवा मला वाटलं, ह्यो गडी आमच्या आण्णांच्याच हाताखाली असंल."

ती वर्गातही अशीच बोलायची. हाय, न्हाय, कुटं, हितं. एकदा आमच्या हेडसरांनी तिला केबिनमध्ये बोलावून समज दिली, बाई, मुलींसमोर जरा शुद्ध बोलत चला. ती बाहेर आली ती हसतच. मी विचारलं, काय म्हणालात? म्हणाली, "मी म्हनलं, सर, काटकोनाला शुद्ध-अशुद्ध कळत न्हाय. त्याला नव्वद लागतात." मराठीची शिक्षिका म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, शुद्ध बोलणाऱ्या आम्हा सगळ्यांचे तास एका बाजूला आणि हिचा एक तास एका बाजूला. वर्गाबाहेरून जाताना आत चाललंय ते भांडण आहे की भूमिती, कळायचं नाही. मुली ओरडून ओरडून उत्तरं द्यायच्या.

तिची एक रीत होती. काटकोन त्रिकोण ती कधीच पुस्तकातल्यासारखा काढायची नाही. पुस्तकात काटकोन खाली कोपऱ्यात शहाण्यासारखा बसलेला असतो, आणि कर्ण छान तिरका. हिच्या फळ्यावर काटकोन वर टोकाला, नाहीतर डावीकडे लोंबकळत. कर्ण कधी जमिनीसारखा आडवा, कधी भिंतीसारखा उभा. "कर्ण कोण?" ती ओरडायची. "काटकोनाच्या समोरची बाजू!" वर्ग ओरडायचा. "तिरकी बाजू म्हणलं कोण?" कुणी चुकून म्हटलेलं असलं, तर त्या मुलीला फळ्यापाशी जाऊन तोच त्रिकोण चार वेगवेगळ्या तऱ्हांनी काढायला लागायचा.

एकदा तपासणीला साहेब आले. नेमके हिच्या तासाला. फळ्यावर काटकोन वर, कर्ण खाली आडवा. साहेबांनी एका मुलीला उभं केलं, "सांग बाळ, कर्ण कोणता?" मुलीने खालच्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. साहेब हसले. "अगं, तो पाया. कर्ण तिरका असतो ना?" वर्गात चिडीचूप. मी शेजारच्या वर्गात होते. शांतता इतकी विचित्र होती, की मी दारात येऊन उभी राहिले.

"साहेब, काटकोन कुटं हाय?" बाईंनी विचारलं.

"हा काय, वर."

"त्याच्या समूर काय हाय?"

साहेब फळ्याकडे वळले. मग म्हणाले, "पण बाई, अशी आकृती कोण काढतं? पुस्तकात अशी नसते."

"पुस्तकात त्रिकोणाला नीट बसाय जागा असते, साहेब. भाईर पडल्यावर तो कसा बी पडतो. तवा पोरींनी वळकायचा कसा?"

तपासणीच्या शेऱ्यात आलं, 'आकृत्या प्रमाणित पद्धतीने काढाव्यात.' तिने तो शेरा टीचर्सरूममध्ये मोठ्यांदा वाचून दाखवला, शेंगा सोलत सोलत. आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर जो काही वेडावाकडा त्रिकोण काढला म्हणता! मुलींना माना वाकड्या करून बघायला लागलं.

हे सगळं गमतीचं झालं. आता श्रावणीचं सांगते.

श्रावणी नववीत होती. घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी. जन्मापासून तिच्या पायांत बळ नाही. आई रोज तिला व्हीलचेअरवर ढकलत शाळेपर्यंत आणायची, आणि मग पायऱ्या यायच्या. आमच्या शाळेचं जोतं अडीच फूट उंच, पाच पायऱ्या. दत्तूमामा आणि दहावीच्या दोन मुली तिला उचलायच्या, मागून आई खुर्ची उचलायची. पाणी प्यायला, बाथरूमला जायचं तर पुन्हा पाच पायऱ्या खाली, पुन्हा वर. आम्हा सगळ्यांना वाटायचं, बघा, किती माणुसकी आहे आपल्या शाळेत. वार्षिक अंकात त्यावर एक लेखही आला होता. मीच लिहिला होता.

ऑक्टोबरच्या उन्हात एके दिवशी श्रावणी वर्गातच बेशुद्ध पडली. वाघमोडेबाईंचा तास होता. तोंडावर पाणी मारलं, साखरपाणी पाजलं, तेव्हा पोरीने हळूच सांगितलं. ती सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. रोजच घेत नाही. पाणी प्यायलं की खाली जावं लागतं, आणि खाली जायचं म्हणजे उचलावं लागतं.

"मला उचललेलं आवडत नाही, बाई. सगळे वर्ग खिडकीतून बघतात."

त्याच आठवड्यात तिच्या आईने हेडसरांना येऊन सांगितलं, नववी झाली की बास, दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू, घरी बसून परीक्षा देईल. हेडसर म्हणाले, तेच बरं. त्यांना खरंच बरं वाटलं असावं, माणूस वाईट नव्हता. पण श्रावणी वाघमोडेबाईंकडे येऊन रडली. तिला शाळेत यायचं होतं. तिला वर्गात बसून ओरडून उत्तरं द्यायची होती. वाघमोडेबाई टीचर्सरूममध्ये आली आणि माझ्यासमोर टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "ही पोरगी जूनमदी हितंच येनार. आपल्या चाकावर येनार. बघतेच."

योगायोग असा की तेव्हाच वरून परिपत्रक आलं, प्रत्येक शाळेत रॅम्प हवा, फोटो पाठवा. उतार एकास बारा. आमचे हेडसर इतिहासाचे. त्यांनी ते वाचलं आणि कंत्राटदाराला सांगितलं, रॅम्प बारा फूट करा. त्यानेही इमानदारीत केला. पायऱ्यांच्या शेजारी, वरून खालपर्यंत, उतारावर टेप धरून बाराला बारा. हेडसर आम्हा सगळ्यांना बाहेर घेऊन गेले. "मोजून घ्या. एक इंच कमी नाही."

हिने मोजला. बाराच भरला. मग ती रॅम्पच्या पायथ्याशी उभी राहून वर बघत बसली, कौल लावल्यासारखी.

"सर, एकास बारा म्हंजे बारा फूट न्हाय. एक फूट चढाय बारा फूट पाया. आपलं जोतं हाय अडीच फूट. अडीच बारा तीस. तीस फूट पायजे."

"तीस?" हेडसर हसले. "बाई, तीस फुटांत दुसरी शाळा होईल."

"आन् तुमी बारा धरलेत ते बी कर्णावर धरलेत. पाया त्याहून कमी भरतोय."

हेडसरांनी तिला, कामं पुष्कळ आहेत, म्हणून वर्गावर पाठवलं. ती गेली आणि नववीच्या चाळीस मुलींना घेऊन परत आली. टेप, वही, पेन्सिल. उंची मोजा, कर्ण मोजा, पाया काढा. त्या दिवशी चाळीस वह्यांत एकच त्रिकोण होता. कर्ण बारा, उंची अडीच, पाया पावणेबाराला थोडा कमी. म्हणजे एक फूट चढायला पाच फूटसुद्धा पाया नाही. त्यातली एक वही मी पाहिली. मला सगळं कळलं असं नाही, पण खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हा चढ नसून घसरगुंडी आहे.' ते वाक्य मात्र मराठीच्या दृष्टीने निर्दोष होतं. वही श्रावणीची होती.

प्रजासत्ताक दिनाला उद्घाटन ठरलं. संस्थेचे सेक्रेटरीसाहेब, फोटोग्राफर, नारळ, रॅम्पच्या वरच्या टोकाला लाल फीत. बेत असा होता, की श्रावणीला आधीच उचलून वर न्यायचं, खुर्चीत बसवायचं, आणि साहेबांनी फीत कापताना तिने हसायचं. झेंडावंदन झालं. दत्तूमामा श्रावणीला उचलायला पुढे झाले, आणि वाघमोडेबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"आदी मी जाऊन बघते."

कुणाला काही कळायच्या आत तिने श्रावणीला शेजारच्या बाकावर नीट बसवलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसली. सत्तावन्न वर्षांची बाई, इस्त्रीची साडी, केसांत गजरा. पदर खोचला, दोन्ही हातांनी चाकं धरली आणि निघाली. दोन हात मारले, दोन फूट गेली. अजून मारले. कपाळावरची शीर उठली. मुली ओरडायला लागल्या, "बाई! बाई!" सेक्रेटरीसाहेबांच्या हातात कात्री तशीच. मध्याच्या जरा वर गेली असेल, आणि खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली. कुणी धावायच्या आत ती मागच्या मागे कलंडली. मनगटावर पडली. कट्ट असा आवाज मी ऐकला.

सगळे धावलो. ती उताणी पडलेली, गजरा सुटलेला, चेहरा पांढराफटक. आणि त्या अवस्थेत ती फोटोग्राफरला म्हणते, "काढला का रं फोटू?"

उजव्या हाताला दीड महिना प्लास्टर. ती एकही दिवस रजेवर गेली नाही. फळ्यावर डाव्या हाताने त्रिकोण काढायची, ते आणखी वाकडे. म्हणायची, बरं झालं, पोरींची तयारी होईल. रॅम्पवरची लाल फीत आठ दिवस तशीच फडफडत होती. मग कुणीतरी ती सोडून नेली आणि रॅम्पवर तुळशीच्या कुंड्या ठेवल्या.

तिला लेखी विचारणा झाली, संस्थेची प्रतिमा मलिन केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. तिने एका कोऱ्या कागदावर डाव्या हाताने काटकोन त्रिकोण काढला, तीनही बाजूंची मापं लिहिली, शेजारी दुसरा त्रिकोण काढला, उंची अडीच, पाया तीस, आणि खाली सही. तो कागद आवक क्रमांक घालून दाखल करून घेतला. मी तिला म्हटलं, बाई, चार महिने राहिलेत रिटायर व्हायला, कशाला अंगावर घेता? नमतं घ्या.

"का म्हनून?" ती म्हणाली. "चुकलं आसतं तर घेतलं आसतं."

पुढचं सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. त्या कागदानंतर आठवड्याभराने हेडसर ऑफ तासाला आमच्या टेबलापाशी येऊन बसले. कागद हातात. म्हणाले, "बाई, हे एकास बारा मला एकदा नीट सांगा." तिने टोमणा मारला नाही. तीन वह्या एकावर एक ठेवल्या, वरच्या कडेला पट्टी टेकवली, पट्टीचं खालचं टोक जवळ आणलं, लांब नेलं. उंची तीच, पण पट्टी हळूहळू आडवी होत गेली. हेडसर बराच वेळ ती पट्टी स्वतः मागेपुढे करत होते, लहान पोरासारखे.

"म्हणजे चूक माझीच," ते म्हणाले.

"उत्तर चुकलं, सर. रीत कळली की उत्तर सुदारतंय."

"पण तीस फूट आणू कुठून? गेट अठरा फुटांवर आहे."

तिने जागा केव्हाच मोजून ठेवली होती. पश्चिमेच्या भिंतीलगत पंधरा फूट जायचं, तिथे ओटा करून वळायचं, आणि पंधरा फूट परत यायचं. बसत होतं बरोबर. एकच अडचण होती. त्या भिंतीलगत पत्र्याची शेड होती, आणि त्या शेडमध्ये आम्हा अठ्ठावीस जणांच्या गाड्या लागायच्या.

आता मात्र टीचर्सरूममध्ये रान पेटलं. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. एप्रिलमध्ये उन्हातल्या गाडीच्या सीटवर बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं. हेडसरांचं मन वळलं होतं, आमचं नाही. शेड काढायला सगळ्या स्टाफचा विरोध, असा अर्ज सेक्रेटरीसाहेबांकडे गेला. त्याचा मसुदा कोणी लिहिला असेल? भाषा चांगली हवी होती ना. मीच लिहिला.

मी तिला तोंडावर म्हणाले, "बाई, एका मुलीसाठी अठ्ठावीस माणसांनी उन्हात मरायचं?"

ती शेंगा सोलत होती. हात थांबला. "जोशीबाई, काटकोन त्रिकोणात काटकोन किती असतात?"

"मला नका विचारू गणित."

"एकच असतोय. दुसरा बसतच न्हाय. एकच हाय म्हनून त्याला सोडून देऊन बगा, काय ऱ्हातंय ते."

मी उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही.

तिची जन्मतारीख एक जून. तिकडच्या निम्म्या लोकांची तीच असते, गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. त्यामुळे मे अखेर निवृत्ती, आणि निरोप समारंभ एप्रिलच्या शेवटच्या दिवशी. हॉलमध्ये सगळा स्टाफ, नववीच्या मुली, स्टेजवर हेडसर आणि सेक्रेटरीसाहेब. शेजारच्या खोलीत मसालेभात आणि जिलबी येऊन पडलेली, वास सुटलेला. भाषणं झाली. तिला कर्तव्यदक्ष म्हणून झालं, शिस्तप्रिय म्हणून झालं. सेक्रेटरीसाहेब शाल आणि नारळ घेऊन उठले. तिने हात जोडले आणि शाल घेतली नाही.

"साहेब, शाल नगं. शेड काढायचा हुकूम द्या."

हॉलमध्ये कुजबुज. साहेब हसले, "बाई, आज आनंदाचा दिवस आहे. तो विषय आपण नंतर विचारात घेऊ."

"विचार करून झालाय की. आकडा तीस हाय."

"आधी शाल तर घ्या."

"न्हाय घेत. मी बसते हितं." आणि ती स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसली, हाताची घडी घालून. "शाल घेतल्याबिगर निरोप हुत न्हाय, आन् निरोप झाल्याबिगर कुनाला जेवाय जाता येत न्हाय. मला घाई न्हाय."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंखे गरम हवा फिरवत होते. शाल हातात घेऊन उभा राहिलेला माणूस किती वेळ उभा राहू शकतो? साहेब बसले, पुन्हा उठले. हेडसरांनी माइकवर, "बाईंना आग्रहाची विनंती," असं तीनदा म्हटलं. समोर नववीच्या मुलींच्या कडेला श्रावणी आपल्या खुर्चीत बसली होती, मान खाली घालून. तिच्यामुळे सगळं अडलंय, हे तिला कळत होतं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ते माझ्याच्याने बघवेना. वार्षिक अंकात तिच्यावर लेख लिहिणारी मी, आणि तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणारीही मीच. मला माझी इतकी लाज वाटली, की मी तडक उठले. सगळ्यांना वाटलं, जोशीबाईंना चक्कर आली. मी बाहेर गेले, शेडमधून माझी गाडी काढली आणि मैदानात भर उन्हात नेऊन लावली. परत येताना मुद्दाम चावी वाजवत आले.

माझ्यामागून दत्तूमामा उठले. त्यांची तर सायकल. मग पीटीचे सर, मग इंग्रजीच्या बाई. काहीजण चिडून गेले, काहीजण भुकेने गेले असतील, मी कुणाच्या मनात शिरले नाही. हॉलमध्ये बसलेल्यांना बाहेर एकेक गाडी सुरू होताना ऐकू येत होती. दोघे-तिघे शेवटपर्यंत हलले नाहीत, त्यांची नावं मी विसरलेली नाही. सेक्रेटरीसाहेबांनी खिडकीतून जवळजवळ रिकामी झालेली शेड पाहिली, हेडसरांकडे पाहिलं, आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहून सही केली. वाघमोडेबाईंनी ती वाचली. दोनदा वाचली. 'तीस फूट' हा आकडा लिहिलेला नव्हता, तो लिहून घेतला. मग शाल घेतली.

सुट्टीत काम झालं. ती करमाळ्याहून एसटीने येऊन, दोन दिवस उन्हात उभं राहून आखणी करून गेली, असं दत्तूमामांकडून कळलं. मी तिला पुन्हा पाहिलं ते जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी.

मी गेटपाशी पोचले तेव्हा ती बाहेर रस्त्यापलीकडे उभी होती. मी म्हटलं, "अहो, आत चला की." म्हणाली, "माझी शाळा संपली. मी हितनंच बगते." तेवढ्यात श्रावणीची आई खुर्ची ढकलत आली. गेटाच्या आत आल्यावर श्रावणीने मागे हात करून आईला थांबवलं आणि एकटी रॅम्पकडे निघाली.

पहिले पंधरा फूट तिने बरे काढले. वळणाच्या ओट्यावर थांबली. दम लागला होता, तळहात झटकत होती. प्रार्थनेची घंटा झाली. रांगा लागलेल्या, सगळी शाळा तिच्याकडे बघत होती. खिडक्यांतून नाही, समोरून. एक मुलगी न राहवून ढकलायला धावली, आणि हेडसरही दोन पावलं पुढे झाले.

"हात लावू नगा!" रस्त्यापलीकडून आवाज आला. रिक्षावाले वळून बघायला लागले. "सर, तुमी बी थांबा! तिची ती जाईल!"

हेडसर थांबले. मुलगी थांबली. प्रार्थना थांबली. श्रावणीने चाकं धरली आणि उरलेला चढ हात-हात करत चढायला सुरुवात केली. मला वाटतं चार मिनिटं लागली असतील, मी घड्याळ बघितलं नाही. वरच्या टोकाला पोचली, कपाळ पुसलं, आणि दहावीच्या वर्गाचा दरवाजा ढकलून आत गेली.

मी रस्ता ओलांडून वाघमोडेबाईंकडे गेले. माझे डोळे वाहत होते, आणि मला थोडं वाईटही वाटत होतं. "कार्टीने एकदा वळून तरी बघायचं तुमच्याकडे," मी म्हणाले. "तुम्ही तिच्यासाठी हात मोडून घेतलात."

"का बगायचं?" ती म्हणाली, आणि हसली. असं तोंडभर हसताना मी तिला एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "तिच्या शाळंत ती गेली. त्यात माझ्याकडं काय बगायचं?"

करमाळ्याची गाडी साडेअकराची होती. रिक्षाला हात करून ती त्यात चढली. रिक्षावाल्याने विचारलं कुठे, तर म्हणाली, एसटी स्टँड, आणि जरा सरळ रस्त्यानं ने.